थंड इंजिनची तक्रार थंड इंजिनवरच तपासा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन खडखडते, थरथरते, एखादा सिलिंडर मिस करतो (त्यातले इंधन नीट पेटत नाही) आणि दोन-तीन मिनिटांत काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. अशा तक्रारी आमच्या धंद्यात रोजच्या आहेत. अडचण एवढीच की गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणली जाते, तोवर इंजिन ८०-९० अंशांना पोहोचलेले असते आणि आवाज गेलेला असतो. मग एक तर ‘तापल्यावर जातो ना, मग चालू द्या’ असे सांगून गाडी परत पाठवली जाते, नाहीतर अंदाजाने आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर असे सुटे भाग बदलले जातात. दोन्ही चूक. थंड इंजिनची तक्रार थंड इंजिनवरच तपासावी लागते आणि त्यातला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ती किती वेळात जाते हा. हा पुरावा मेकॅनिकपेक्षा गाडीमालकाच्या हाती जास्त असतो, म्हणून हे पत्र वाचकांसाठी.

थंड इंजिन म्हणजे हवेतली थंडी नव्हे. किमान आठ तास उभे राहून ज्याचे कूलंट बाहेरच्या हवेच्या तापमानाला उतरले आहे ते थंड इंजिन. भर उन्हाळ्यातही सकाळी ते थंडच असते. या अवस्थेत तेल वरच्या भागातून निथळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या डब्यात, बसलेले असते. अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन आकसलेले असतात, त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोठी असते. पेट्रोल थंड भिंतींवर चिकटते, त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिनचा संगणक सुरुवातीला जादा पेट्रोल सोडतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापेस्तोवर त्याच्याकडून खात्रीचा निरोप मिळत नाही, तोवर संगणक कोष्टकातल्या आकड्यांवर गाडी चालवतो. म्हणजे एखादा सेन्सर खोटे बोलत असेल, तर त्याची चूक सुधारणारे त्या वेळी कोणीच नसते. गरम इंजिनमध्ये जो दोष झाकला जातो तो सकाळी उघडा पडतो, त्याचे कारण हेच.

दोष शोधण्याआधी निरोगी थंड इंजिन कसे वागते ते माहीत हवे. पेट्रोल गाडीचे आयडलिंग (पाय न लावता इंजिनचे नुसते फिरणे) सुरुवातीला मिनिटाला ११०० ते १५०० फेऱ्यांवर असते आणि अर्ध्या ते दोन मिनिटांत खाली येते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा दिली जाते, त्यामुळे सायलेन्सरचा आवाज थोडा घोगरा वाटतो. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या इंजिनांत हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर टिकटिकतात; पहिल्या मिनिटात ती टिकटिक जास्त ऐकू येते. काही गाड्यांत एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा विजेचा पंप असतो. तो मिनिटभर घूं घूं करून बंद होतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते, ते थंड सायलेन्सरमध्ये वाफ आणि थेंब होऊन बाहेर पडते. यातले काहीही दुरुस्त करायला जाऊ नये.

आता तपासणी. आदल्या संध्याकाळी गाडी सपाट, उघड्या जागी लावा; बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवणे जिवावर बेतू शकते. सकाळी किल्ली फिरवण्याआधी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून तेलाची पातळी पाहा आणि कूलंटच्या टाकीवरची पातळी पाहा. स्कॅनर असेल तर इग्निशन चालू करून, सेल्फ न मारता, कूलंटचे तापमान आणि इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचे तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे बाहेरच्या तापमानाशी आणि एकमेकांशी तीन ते पाच अंशांच्या आत जुळले पाहिजेत. बॅटरीचा दाब मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मोबाइलवर रेकॉर्डिंग सेल्फ मारण्याआधी सुरू करा, कारण निम्मे आवाज पहिल्या तीन सेकंदांतलेच असतात. दुसऱ्या माणसाला सायलेन्सरमागे उभे करा. मग अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करा आणि तीन मिनिटे हात लावू नका. स्वच्छ रेकॉर्डिंग आणि धुराचा रंग एवढ्यावर निम्मे निदान होते.

पहिले एक ते तीन सेकंद साखळी पत्र्यावर आपटल्यासारखा खडखडाट होऊन एकदम शांतता झाली, तर आवाज बहुधा टायमिंग चेनच्या बाजूचा असतो. ही चेन म्हणजे क्रँकने (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याने) कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत तेलाच्या दाबावर चालतो. रात्रीत त्यातले तेल निथळले की दाब येईपर्यंत चेन सैल राहून कव्हरवर किंवा गाइडवर (तिला रेषेत ठेवणाऱ्या पट्टीवर) आपटते. पण लगेच चेनकिट मागवू नका. आधी ऑइल फिल्टर पाहा. फिल्टरमध्ये तेल मागे फिरू न देणारी एक रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमधले साधे रबर उष्णतेने कडक होते आणि फिल्टर रात्रीत रिकामा होतो, विशेषतः तो आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर. जुना फिल्टर काढून त्याच्या तोंडावरच्या बारीक भोकांतून आतल्या रबराला काडीने दाबून पाहा: ते लवचीक असायला हवे. कडकडीत असेल तर कंपनीच्या प्रतीचा फिल्टर आणि सांगितलेल्या ग्रेडचे तेल घालून सलग तीन-चार सकाळी पुन्हा ऐका. खडखडाट गेला तर काम तिथेच संपले.

न गेल्यास मात्र टाळाटाळ नको. तेल पातळीवर आहे, फिल्टर चांगला आहे आणि तरी खडखड आहे; किंवा खडखडाट दिवसेंदिवस लांबत दोन सेकंदांवरून पाच-सात सेकंदांवर गेला आहे; किंवा स्कॅनरवर पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचे नाते चुकल्याचा कोड आहे. यातले काही असेल तर चेन, टेन्शनर, गाइड आणि कॅमच्या टोकावरचा टायमिंग मागेपुढे करणारा फेझर हे सगळे उघडून पाहावे लागते. चेन ‘लांबते’ म्हणजे तिच्या पिना आणि बुश झिजतात. शंभरेक कड्यांतली थोडी थोडी झीज मिळून टायमिंग काही अंशांनी सरकते. फेझरची लॉक-पिन झिजली असेल तर आवाज जवळजवळ तसाच येतो, फक्त तो वरून, कॅमच्या तोंडाशी येतो. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप कव्हरवर आणि मग हेडच्या (इंजिनच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाच्या) पुढच्या टोकावर टेकवला की फरक कळतो. बेल्ट आणि पंख्यापासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा. चेन एक दात सरकली तर इंजिन थरथरते; पुरती सुटली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावे लागते.

खडखडाटाऐवजी टिक-टिक-टिक असेल आणि ती काही सेकंदांपासून मिनिटभरात विरत असेल, तर हायड्रॉलिक टॅपेटमधले (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, तेलाने भरणाऱ्या भागातले) तेल निथळले आहे. अधूनमधून झाली तर दुर्लक्ष करण्याजोगी. रोज होत असेल आणि एकाच जागेवरून येत असेल तर तो टॅपेट गाळाने अडकला आहे किंवा झिजला आहे. तेल एकदा मुदतीआधी बदलून पाहणे हा योग्य पहिला उपाय. औषधांच्या बाटल्या ओतणे हा नव्हे. साधे, पाना लावून जुळवायचे टॅपेट असतील तर पूर्ण थंड इंजिनवर फिलर गेजने फट मोजावी. बऱ्याच कारमध्ये इनटेकला ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.२५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास आकडा असतो, पण खरा आकडा त्या इंजिनच्या पुस्तकातलाच घ्यावा. इथे एक इशारा: वाजणारा टॅपेट फारसा धोक्याचा नाही, न वाजणारा असू शकतो. सीएनजी-एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजून फट कमी होत जाते, आवाज छान शांत होतो आणि व्हॉल्व्ह पुरता न मिटल्याने सकाळी तो सिलिंडर मिस करू लागतो. असल्या इंजिनचा टॅपेट वाजत नाही म्हणून मोजायचे टाळू नये.

टॅपेटसारखीच टिकटिक करणारा एक चोर आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांची, गळती. तडा, जळालेले गॅस्केट किंवा तुटलेला स्टड यांतून धूर फुसफुसत बाहेर येतो. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून तीन ते दहा मिनिटांत आवाज जातो. ओळखण्याची खूण ही की थंड इंजिनवर हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की टिकटिक ठळक होते, टॅपेटची तेवढी होत नाही. इंजिन सुरू करून लगेच, ओला जाड फडका सायलेन्सरच्या तोंडाशी काही सेकंद अर्धवट धरला की आत दाब वाढून गळतीचा आवाज मोठा होतो. गॅस्केटच्या कडेला काळ्या काजळीचा पंखा उमटलेला दिसला की शंका उरत नाही. टिकटिक ऐकून हेड-कव्हर उघडण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करावी. ती न केल्याने चांगले टॅपेट बदलले गेल्याची उदाहरणे कितीतरी.

आवाजाचा ताल मोजता आला तर आणखी उलगडा होतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो. त्यामुळे १२०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एक टॅपेट सेकंदाला १० वेळा वाजतो. एका सिलिंडरची मॅनिफोल्ड-गळती आणि इंजेक्टरही बहुधा त्याच तालात. क्रँकला बोल्टने जोडलेली गोष्ट, म्हणजे सैल पुली, तडकलेला फ्लायव्हील, दर फेरीला, सेकंदाला २० वेळा वाजते. कानाला हे मोजता येत नाही, पण मोबाइलच्या रेकॉर्डिंगचा आलेख लांबवून पाहिला की एका सेकंदातले उंचवटे सरळ मोजता येतात.

पोकळ, बोदा, मातीच्या मडक्यावर बोटांनी वाजवल्यासारखा ठकठक आवाज, दोन ते पाच मिनिटांत हळूहळू विरणारा, हा पिस्टन-स्लॅप. आकसलेला पिस्टन सिलिंडरमध्ये डोलतो आणि त्याचा स्कर्ट (खालचा घेर) भिंतीवर आपटतो. तापून फुगला की जागेवर बसतो. त्या सिलिंडरचे जळणे बंद केले की तो आवाज दबतो. बंद करताना इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, फक्त कॉइलचा नको: कॉइल काढली तर न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते. तेल खात नसेल, कॉम्प्रेशन ठीक असेल, तर पिस्टन-स्लॅप घेऊन गाडी वर्षानुवर्षे चालू शकते. या एका आवाजासाठी इंजिन उघडायला लावणाऱ्याला आम्ही दोनदा विचार करायला सांगू.

याच्या उलट बेअरिंगचा आवाज. खोल, जड, खालून येणारा, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वाढणारा. आणि मुख्य म्हणजे इंजिन तापल्यावर न जाता तेल पातळ झाल्याने वाढणारा. सकाळी एखाददुसरा ठोका, मग शांतता, आणि अर्ध्या तासाने पुन्हा ठोके, अशी सुरुवात असते. सोबत तेलाचा लाल दिवा उशिरा विझत असेल किंवा गरम आयडलिंगला लुकलुकत असेल तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ओढून न्या. तेलाचा दाब मेकॅनिकल गेज लावून मोजावा, डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नये. चेंबर उतरवून बेअरिंग पाहणे आणि क्रँक निकामी होणे यांत कधी कधी पाच-सहा किलोमीटरचेच अंतर असते.

बेल्टचा किंचाळ सगळ्यांच्या ओळखीचा. सेल्फ मारून बॅटरी दमलेली असते, अल्टरनेटर पूर्ण भार घेतो आणि सैल बेल्ट घसरतो. चालत्या बेल्टच्या दात्यांच्या बाजूवर थोडे पाणी फवारा: आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत किंवा बेल्टचे दाते झिजले आहेत, पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी आहे. गुरगुर असेल तर बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला म्हणजे दोष एखाद्या पुलीच्या, अल्टरनेटरच्या किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगमध्ये. प्रत्येक हाताने फिरवून पाहा. बेल्टशिवाय मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, पाणी फिरत नसते.

आवाजापेक्षा किचकट प्रकरण म्हणजे मिसिंग. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड पुसण्याआधी त्यासोबत साठवलेली नोंद वाचा: तो कोड कूलंटच्या किती अंशांवर, किती फेऱ्यांवर लागला हे त्यात असते. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर. एकच सिलिंडर असेल तर त्याची कॉइल शेजारच्यावर, प्लग तिसऱ्यावर लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा मिसिंग कोणाबरोबर गेले. नवा भाग घेण्याआधी जुन्यांची ही अदलाबदल करायला काही लागत नाही, एका रात्रीची वाट मात्र पाहावी लागते. प्लगची फट बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. झिजून वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि थंड, ओल्या मिश्रणात ती आधी दगा देते. पोर्सेलीनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळते आहे; तिथे प्लगसोबत कॉइलचे रबरी बूटही बदलावे लागते.

सगळेच सिलिंडर लडखडत असतील तर आधी कूलंट तापमानाचा सेन्सर. त्याचा रोध थंडीत जास्त, उष्णतेत कमी: बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. इंजिन १५ अंशांवर असताना तो ६० सांगत असेल तर संगणक जादा पेट्रोल देतच नाही, गाडी सुरू होऊन बंद पडते. उणे ३० सांगत असेल तर काळा धूर, काजळलेले प्लग आणि तेलाला पेट्रोलचा वास. सेल्फ मारण्याआधी तापमाने वाचायला सांगितली ती यासाठीच. या साध्या सेन्सरवर संशय फार उशिरा घेतला जातो.

पेट्रोल पोहोचते का हे पाहायला आधी हत्यार लागत नाही. इग्निशन दोन-तीन सेकंद चालू करून बंद करा. असे तीनदा करून मग सेल्फ मारा. एरवी पाच-सात सेकंद सेल्फ खाणारी गाडी लगेच सुरू झाली तर लाइनमधला दाब रात्रीत उतरतो आहे: पंपातली झडप गळते किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतो. दोन्हींतला फरक असा: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर गाडी काळा धूर टाकत सुरू झाली तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले होते, म्हणजे इंजेक्टर ठिबकतो. पाय पूर्ण दाबलेला असताना बहुतेक गाड्यांचा संगणक इंजेक्शन बंद ठेवतो आणि साचलेले बाहेर निघते. नंतर गेज लावावा: इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) इंजेक्शन असलेल्या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार, आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत तो कोसळता कामा नये. थेट इंजेक्शनच्या आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाखालच्या नळीतून पुरवठा असलेल्या) डिझेलच्या हाय-प्रेशर लाइनला मात्र घरी पाना लावू नये; तो दाब चामडी फोडून आत शिरतो.

हवेची चोरटी गळतीही सकाळीच जास्त जाणवते, कारण थंड रबर आणि प्लास्टिक आकसलेले असते. इंजिन तापून ऑक्सिजन सेन्सरचा निरोप चालू झाल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, पाहा. आयडलिंगला अधिक १५ ते २५ टक्के आणि २५०० फेऱ्यांना जवळपास शून्य, तर हवा गळते आहे. उलट फेऱ्या वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे. गळतीची जागा धूर सोडणाऱ्या यंत्राने शोधावी. ब्रेक-क्लीनर किंवा पेट्रोल फवारून शोधण्याची पद्धत सर्रास आहे आणि त्यातून बोनेटखाली आगी लागतात. ती सोडून द्यावी.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे त्यांच्या पाठीवर तेलाच्या वाफेचा कार्बन चढतो. थंडीत मिसिंग, तापल्यावर ठीक, प्लग-कॉइल नवीन, तरी तीच रड, असे असेल तर इनटेकमधून कॅमेरा घालून व्हॉल्व्ह पाहा. टाकीत ओतायच्या क्लीनरचा इथे उपयोग नाही हे सरळ आहे. पेट्रोल तिथे जातच नाही.

धुराच्या रंगावर तर पूर्ण लक्ष हवे. सुरू करताना निळा भपका आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्ह-सील कडक झाले आहेत. तेल रात्रीत व्हॉल्व्हच्या गाइडवरून ठिबकते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढऱ्याकडे मात्र गंभीरपणे पाहावे, तो वाफेसारखा लगेच विरत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर.

या पांढऱ्या धुराची जोडी बऱ्याचदा अशी: सकाळी एकच सिलिंडर २० ते ४० सेकंद मिस करतो, मग दिवसभर गाडी उत्तम, आणि महिन्या-दोन महिन्यांत कूलंट थोडे थोडे कमी. हेड गॅस्केट बारीक गळते आहे. संध्याकाळी गरम इंजिन बंद केले की कूलंटमध्ये दाब शिल्लक असतो आणि सिलिंडरमध्ये नसतो, त्यामुळे रात्रभर थेंब थेंब आत जातो. सकाळी प्लग भिजतो, सिलिंडर मिस करतो, पाणी वाफ होऊन निघून जाते, पुरावा नाहीसा. दिवसा कितीही तपासा, सापडणार नाही. पकडण्याची पद्धत: संध्याकाळी इंजिन थोडे निवल्यावर कूलंटच्या टाकीला प्रेशर टेस्टर लावून टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, बहुधा १ ते १.४ बार, दाब भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सेल्फ न मारता सगळे प्लग काढून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घाला. बाकी पिस्टनांचे माथे काळसर, मळकट असतील आणि एकाच पिस्टनचा माथा धुतल्यासारखा चकचकीत, वर कूलंटचे थेंब, तर निदान पक्के. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढून पाहण्याची चाचणीही असते, जळलेल्या वायूने ते पिवळे होते. पण गळती अशी सूक्ष्म असताना ती चाचणी नकार देऊ शकते, म्हणून तेवढ्यावर गॅस्केट निर्दोष ठरवू नये. आणि एखाद्या सकाळी सेल्फ मारताच इंजिन ‘ठक’ करून जागीच अडले तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा.

डिझेलचे गणित वेगळे. तिथे ठिणगी नाही, दाबलेल्या हवेची उष्णताच डिझेल पेटवते. थंड भिंती ती उष्णता शोषतात, पेट घ्यायला उशीर होतो आणि साचलेले डिझेल एकदम पेटल्याने कडकड आवाज होतो. मिनिटभरात उतरत असेल तर तो डिझेलचा स्वभाव. पण एक सिलिंडर मिस, सोबत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, अर्ध्या मिनिटात ठीक, असे असेल तर त्या सिलिंडरचा हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा विजेचा प्लग) गेला. वायर काढून टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात रोध मोजा: साध्या धातूच्या प्लगला साधारण अर्धा ते दोन ओहम, मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटला आहे. नवे काही प्लग ४ ते ७ व्होल्टचे असतात, त्यांना थेट बॅटरी लावली की ते जळतात. काढताना इंजिन गरम असू द्या आणि आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा. जोर लावून मोडलेला हीटर प्लग हेड उतरवायला लावतो. चारही प्लग ठीक आणि तरी सेल्फ लांबत असेल तर रिटर्न पाइपांना बाटल्या लावून इंजेक्टरांची परत येणारी गळती मोजा. एक बाटली इतरांहून झपाट्याने भरली तर तोच इंजेक्टर रेलचा दाब उतरवतो आहे.

सेल्फचा वेगही विसरू नये, पेट्रोल असो वा डिझेल. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवरचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये, आणि त्याच वेळी बॅटरीचे ऋण टोक ते इंजिनचा धातू यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. नवी बॅटरी घालूनही गाडी रडतच सुरू होईल.

दुचाकीबद्दल थोडक्यात: कार्ब्युरेटरची गाडी चोक काढताच बंद पडते आणि पाच मिनिटांनी ठीक चालते तेव्हा पायलट जेट (आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) अर्धवट तुंबलेला असतो. तो काढून कार्ब-क्लीनर आणि हवेने साफ करावा. तार घालून भोक मोठे करू नये. थंड असताना इंजिनच्या एका कडेने खरखर येत असेल तर टॅपेटआधी कॅम-चेनचा टेन्शनर पाहावा.

राहता राहिला जाड तेलाचा प्रश्न, आणि इथे आमच्याच धंद्यातल्या मंडळींना दोष द्यावा लागतो. आवाज आला की २०डब्ल्यू-५० ओतून तो ‘घालवण्याची’ सवय फार आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती घट्ट होते ते सांगतो: ५डब्ल्यू तेलाची सेल्फच्या वेळची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० साठी बनलेल्या इंजिनात जाड तेल टेन्शनर, टॅपेट आणि फेझरच्या बारीक वाटांतून उशिरा पोहोचते. गरम झाल्यावर आवाज दबतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पण कोरडे पहिले सेकंद लांबतात आणि झीज तिथेच होते. तसेच सकाळी दहा मिनिटे आयडलिंगवर तापवत ठेवण्याने फायदा नाही. आयडलिंगला इंजिन सावकाश तापते, तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन चेंबरमध्ये उतरते. निरोगी गाडीला अर्धे मिनिट पुरे. मग काटा वर येईपर्यंत २५०० फेऱ्यांच्या आत, हलक्या पायाने चालवावी.

गॅरेजमध्ये गाडी देताना जॉबकार्डवर ‘आवाज येतो’ एवढेच लिहू देऊ नका. किती तास उभी होती, कोणता आवाज किंवा मिसिंग, किती सेकंद टिकते, धुराचा रंग, कूलंट-तेल किती कमी होते, हे लिहवून घ्या आणि गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. रात्र आणि दुसरी सकाळ यांचा मेकॅनिकचा वेळ लागतो. त्याची मजुरी वेगळी मागितली तर ती वाजवी आहे, अंदाजाने बदललेल्या तीन भागांपेक्षा कमीच पडते. दुरुस्तीनंतरही संध्याकाळी गरम इंजिन ऐकून गाडी ताब्यात घेऊ नका. आणखी एक रात्र तिथेच उभी राहू द्या आणि सकाळी पहिला सेल्फ स्वतः मारा.

आपले नम्र,
वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील काही तंत्रज्ञ